फणेरपेटी ते वॉर्डरोब : चावी कुणाकडे?

स्मरणिका समितीने "काका, काहीतरी इतिहासावर लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा माझ्या डोक्यात इतिहास नव्हता, ड्रेसर होता. सोसायटीला पंचवीस वर्षे झाली तशी आमच्या बेडरूमच्या फर्निचरलाही झाली. सनमायका कडेला सुटलाय, ड्रॉवर अडकतात. मुलगा-सून म्हणाले, "बाबा, ते जुनं लोखंडी कपाट भंगारात द्या आणि आरशाचा छानसा ड्रेसर घ्या." मी लगेच कबूल झालो. सौभाग्यवती मात्र एवढंच म्हणाली, "ड्रेसर घ्या, पण कपाट जाणार नाही."

एका रविवारी शोरूममध्ये गेलो. 'ड्रेसर' हा शब्द मला नवाच होता. आमच्या वेळी त्याला ड्रेसिंग टेबल म्हणत. घरी येऊन शब्दकोश काढला तेव्हा गंमत कळली. युरोपात ड्रेसर मूळचा स्वयंपाकघरातला. त्याच्यावर अन्न वाढायची तयारी करायची. पुढे इंग्लंडात तो ताटल्या मांडायचा झाला आणि अमेरिकेत गेल्यावर बेडरूममध्ये शिरून कपडे नि आरसा सांभाळू लागला. आपल्याकडे तो आला तो या शेवटच्या अवतारात.

शोरूममधल्या पोऱ्याने आम्हाला सात-आठ नमुने दाखवले. आरशाभोवती दिवे काय, आपोआप हळू मिटणारे ड्रॉवर काय! हिने सगळं शांतपणे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "याला कुलूप कुठे आहे?" तो हसून म्हणाला, "आंटी, आजकाल घरात कुलूप कोण लावतं?" ही काही बोलली नाही. आम्ही परत आलो. पण तो प्रश्न माझ्या मागे लागला. आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायका डोळ्यांपुढे आल्या आणि प्रत्येकीच्या हातातली चावीही आली.

सुरुवात आजीपासून करतो. तिच्या वाड्यात बेडरूम नावाची खोलीच नव्हती. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, माडी. कपडे वलणीवर किंवा खुंटीला, बाकी सामान कोनाड्यात आणि भिंतीतल्या फडताळात. ते सगळं घराचं. आजीचं स्वतःचं म्हणून काय, तर एक फणेरपेटी. आजच्या मुलांना सांगायला हवं, फणेरपेटी म्हणजे लहानशी लाकडी पेटी. झाकणाला आतून आरसा, आत कप्पे. त्यात फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. तोच तिचा ड्रेसर. आरशाची काच मात्र दूरदेशची विद्या. काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत १८३५ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी शोधली आणि त्यानंतर आरसा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून हळूहळू साध्या घरात आला.

आजीच्या पेटीला छोटी कडी होती, कुलूप नव्हतं. आजोबा गेले तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. त्या दिवसापासून ती पेटी मिटली, ती परत उघडली नाही. विधवेला कुंकू नाही, मग आरसा तरी कशाला, असा तो काळ. महर्षी कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला तो १८९६ साली, पण गावोगावच्या माजघरात ते वारं पोचायला दोन पिढ्या गेल्या. कायद्याचंही तसंच. एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला अन्नवस्त्रापलीकडे हिस्सा असा नव्हता. १९३७ च्या कायद्याने तिला नवऱ्याचा वाटा मिळू लागला, तोही फक्त हयातीपुरता. ती पेटी मी लहानपणी माळ्यावर पाहिली आहे. आत आम्ही गोट्या ठेवायचो.

मग आई. लग्न होऊन ती मुंबईत आली ती थेट चाळीतल्या एका खोलीत. मुंबईत १९२० नंतर बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. आमची चाळ वेगळी, पण माप साधारण तेच. त्यात आम्ही सात माणसं. एवढ्या जागेत ड्रेसिंग टेबल कुठे मांडणार? आरसा खिडकीच्या चौकटीला टांगलेला, वडील त्यातच दाढी करायचे आणि आई त्यातच कुंकू लावायची. तिचं स्वतःचं म्हणजे खाटेखालची पत्र्याची ट्रंक. तीत लग्नाचा शालू, डांबराच्या गोळ्या, आमच्या जन्माचे दाखले आणि पोस्टाचं पासबुक. ट्रंकेला पितळी कुलूप होतं आणि चावी आईच्या कमरेला. पेटीकडून ट्रंकेकडे येताना बाईला कुलूप मिळालं, ही मला मोठी गोष्ट वाटते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरवली. आईला हा कायदा ठाऊक नव्हता, पण ट्रंक कुणी उघडली की तिला बरोबर कळायचं!

आता ते लोखंडी कपाट. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागला कुलपांचा कारखाना काढला. आधी कुलूप, मग तिजोरी आणि १९२३ साली पोलादी कपाट. म्हणजे कुलूप करणाऱ्यानेच आपल्याला कपाट दिलं, हे लक्षात घ्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्याही त्यांच्या विक्रोळीच्या कारखान्यात झाल्या. पोलादाला वाळवी लागत नाही, पावसाळ्यात दार फुगत नाही आणि आत छोटी तिजोरी, तिला वेगळी चावी. मध्यमवर्गाला आणखी काय हवं होतं? पुढे गल्लोगल्ली तशी कपाटं बनू लागली, तरी आपण सगळ्यांनाच 'गोदरेजचं कपाट' म्हणत राहिलो.

आमचं कपाट १९७७ साली लग्नात सासऱ्यांनी दिलं. साडेसहा फूट उंच, हिरवट करडं, एका दाराला लांब आरसा. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. मी बँकेत नोकरीला, सुशिक्षित वगैरे. "आम्हाला काही नको" असं आमच्याकडून सांगितलं होतं, पण कपाट आलं तेव्हा "नको" असंही कुणी म्हटलं नाही. सासऱ्यांनी त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि चावी? ती पहिल्याच दिवशी आईच्या कमरेला गेली. ज्या बाईने ट्रंकेची चावी आयुष्यभर जपली, तिनेच सुनेच्या कपाटाची चावीही घेतली. हिला लग्नाला जायचं तर "आई, साडी काढायची होती" म्हणून विचारावं लागे. हिचे दागिनेही आतच. हे आठ वर्षं चाललं. मी रोज बँकेच्या तिजोरीची चावी सांभाळत होतो, दोन अधिकाऱ्यांशिवाय तिजोरी उघडायची नाही हा नियम काटेकोर पाळत होतो, पण घरी तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी एका दिवाळीत आईनेच आपणहून चावी हिच्या हातावर ठेवली. नवल म्हणजे ते वर्ष १९८५. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की स्त्रीधन हे सर्वस्वी स्त्रीचं, सासरच्यांकडे ते ठेवायला दिलं म्हणून त्यांचं होत नाही. आईने तो निकाल वाचला नव्हता. तिला फक्त दम लागू लागला होता.

त्याच सुमारास शाखेत घडलेला एक प्रसंग मी विसरू शकत नाही. एक बाई लॉकरची चावी घेऊन आल्या. यजमान नुकतेच गेलेले. लॉकर त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि नामनिर्देशन केलेलं नाही. लॉकरला नामनिर्देशनाची सोय नवीनच, १९८५ पासून आलेली. फारसं कुणाला ठाऊक नव्हतं आणि आम्हीही सांगायला कमी पडलो. मी त्यांना कागदपत्रांची यादी दिली. त्या म्हणाल्या, "साहेब, आतल्या पाटल्या माझ्या आईच्या आहेत. त्यासाठी वारसाचा दाखला कुणाचा आणू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियमाप्रमाणे मी बरोबर होतो. त्यांचं काम व्हायला कित्येक महिने लागले आणि प्रत्येक वेळी त्या ती चावी बरोबर घेऊन येत.

त्यानंतर मी शाखेतल्या प्रत्येक खातेदाराच्या मागे लागायचो: लॉकर दोघांच्या नावावर करा, नामनिर्देशन भरा. आणि हेही सांगायचो की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो. प्लायवूड, सनमायका, भिंतीत बसवलेलं वॉर्डरोब, वर लॉफ्ट. सुतारांनी महिना-दीड महिना मुक्काम ठोकला होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. आता सुनेच्या खोलीत छतापर्यंत पोचणारं सरकत्या दारांचं वॉर्डरोब आहे. त्याला कुलूप नाही आणि तिला त्याची गरजही वाटत नाही. तिचा पगार तिच्या खात्यात, तिचं कुलूप मोबाईलमध्ये. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. ती त्या नंतरच्या जगातली.

एवढं सगळं मी हिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. म्हटलं, "बघ, पेटी, ट्रंक, कपाट, वॉर्डरोब, कसा छान इतिहास झाला!" ती म्हणाली, "आणि या घराचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे?"

ते माझ्या एकट्याच्या नावावर आहे. पंचवीस वर्षं. लॉकर दोघांच्या नावावर, मुदतठेवी दोघांच्या नावावर, नामनिर्देशन सगळीकडे, आणि ज्या घरात ते कपाट उभं आहे ते फक्त माझं. लोकांना सांगत फिरलेला मी स्वतःचं करायचं विसरलो. विसरलो म्हणणंही खरं नाही, सुचलंच नाही.

आता काम हाती घेतलं आहे. नवऱ्याने राहतं घर किंवा त्यातला हिस्सा बायकोला बक्षीसपत्राने दिला, तर आपल्या राज्यात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. म्हणजे एका चांगल्या ड्रेसरपुढे मुद्रांकाची ही रक्कम काहीच नाही. वकिलांना कागद दिले आहेत.

ड्रेसर म्हणाल तर तोही आला. साधा, सागवानी, मध्यम आरसा. सुताराला सांगून वरच्या डाव्या ड्रॉवरला कुलूप बसवून घेतलं. कपाट शेजारीच उभं आहे, रंग काढून घेतला. दोन्हींच्या चाव्या हिच्याकडे आहेत. आत काय ठेवलंय ते मी विचारलेलं नाही.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने सभासद बंधूंना एवढीच विनंती, की या रविवारी आपलं शेअर सर्टिफिकेट काढून त्यावरचं नाव एकदा वाचा. आणि फर्निचर घ्यायला जाल तेव्हा घरातल्या बाईला आधी विचारा, कुलूप हवं का?