दोन-अडीच महिन्यांची पाठशाळा

इ. स. १९४५ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकन सैन्यासाठीं तोफांचीं कोष्टकें तयार करणाऱ्या स्त्रियांतून सहा जणींची एका नव्या कामासाठीं निवड झाली. तोफेचा गोळा अमुक कोनांतून सुटला असतां कोठें पडेल, हें गणित करून काढावयाचें, असें त्यांचें पूर्वीचें काम. एका मार्गाच्या गणितास तीस-चाळीस तास लागत. आणि असें गणित करणाऱ्या माणसालाच त्या काळीं ‘कॉम्प्यूटर’ म्हणत. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन या त्या सहा जणी. एनिॲक नांवाचें, सुमारें १८,००० निर्वात नळ्यांचें अजस्र यंत्र त्यांच्या हातीं देण्यांत आलें. यंत्र दिलें म्हणण्यापेक्षां त्याचे नकाशे दिले म्हणणें अधिक खरें. कारण यंत्र गुप्त असल्यामुळें प्रारंभीं त्याच्या खोलींत पाऊल टाकण्याचीहि त्यांना मुभा नव्हती. शिकवावयास गुरु नव्हता, वाचावयास ग्रंथ नव्हता. तारांच्या जोडणीचे नकाशे पुढें पसरून आणि यंत्र घडविणाऱ्यांस प्रश्न विचारून त्यांनीं ही विद्या स्वतःच उभी केली. १९४६ च्या फेब्रुवारींत यंत्र जगासमोर मोठ्या थाटानें मांडण्यांत आलें. त्या दिवशींचें गणित यंत्रावर कोणी बसविलें, हें मात्र पुढें कित्येक वर्षें लोकांना ठाऊक नव्हतें.

संगणकास आज्ञा लिहून देण्याचा पेशा हा असा दुसऱ्या पेशांतून आलेल्या माणसांनीं सुरू केला. वैद्यास किंवा वकिलास पदवी आधीं आणि धंदा मागून. येथें धंदा आधीं आला. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ सालीं. तोंपर्यंत आज्ञा लिहिणाऱ्यांची एक पिढी नोकरींत मुरलेली होती. माणसें अपुरीं पडूं लागलीं तेव्हां आय. बी. एम. कंपनीनें उमेदवारांचा कल पाहण्यासाठीं एक चाचणी तयार केली, आणि खाजगी वर्गांचाहि सुळसुळाट झाला. त्यांत कांहीं खरोखर शिकवीत. कांहीं मात्र असें प्रमाणपत्र देत कीं, तें पाहून एकहि मालक खुर्ची पुढें करीत नसे.

हिंदुस्थानांतहि हा इतिहास थोड्या फरकानें घडला. एन. आय. आय. टी. १९८१ सालीं निघाली, ॲप्टेक १९८६ सालीं, आणि पुण्यांतील सी-डॅक १९८८ सालीं. शतक पालटतांना जुनीं यंत्रें २००० हें साल ओळखतील कीं नाहीं, अशी भीति जगभर पसरली, आणि या विद्येस एकाएकीं भाव आला. पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत बी. एस्सी. किंवा बी. कॉम. झालेल्या मुलांनीं संध्याकाळीं असा एखादा वर्ग धरला.

परंतु ज्याला ‘कोडिंग बूटकॅम्प’ हें नांव पडलें, तो प्रकार अमेरिकेचाच. २००८ सालच्या मंदीनंतर तेथें पदवीधरांना काम मिळेना; उलट खिशांतील फोनासाठीं आणि संकेतस्थळांसाठीं आज्ञा लिहिणारे लोक कंपन्यांना पुरेनात. या विषम स्थितींत १९१२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१२ सालीं सॅन फ्रान्सिस्को शहरांत शरीफ बिशाय आणि त्यांचे सहकारी यांनीं ‘डेव्ह बूटकॅम्प’ काढला. वर्ग दोन-अडीच महिन्यांचा, पण सकाळपासून रात्रीपर्यंत. शास्त्रचर्चा थोडी, हातांचें काम फार. दोन विद्यार्थी एका यंत्रापुढें बसत. एक लिही, दुसरा चुका दाखवी. लिहावयाची भाषा ‘रूबी’, जी युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केली होती. बूटकॅम्प हें नांव सैन्यांतील रंगरुटांच्या छावणीवरून आलेलें आहे. सैन्यांत मात्र रंगरुटाकडून फी घेत नाहींत. येथें ती कालांतरानें दहा हजार डॉलरांवर गेली.

पहिल्या तुकड्यांतील पुष्कळांना खरोखरच चांगल्या नोकऱ्या लागल्या, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. त्या यशाचा सुगंध दूरवर गेला. त्याच वर्षीं ‘ॲप अकॅडमी’ निघाली. तिनें आधीं फी न घेतां, नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षाच्या पगाराचा हिस्सा घेण्याची पद्धति पाडली. २०१४ च्या जानेवारींत कॅलिफोर्निया संस्थानच्या शिक्षणखात्याला जाग आली. परवान्यावांचून शाळा चालविल्याबद्दल ५०,००० डॉलर दंड होऊं शकेल, अशीं पत्रें कित्येक वर्गांना गेलीं.

न्यूयॉर्कच्या ‘फ्लॅटआयर्न स्कूल’चें प्रकरण अधिक बोधक आहे. आपल्या शेंकडा ९८.५ विद्यार्थ्यांना काम लागतें आणि सरासरी पगार ७४,४४७ डॉलर असतो, अशी जाहिरात ती शाळा करी. सरकारी वकिलांनीं चौकशी केली तेव्हां उमगलें कीं, पहिल्या आंकड्यांत उमेदवारी करणारे, करारानें काम करणारे आणि स्वतःच फुटकळ कामें मिळविणारे, असे सारे धरले होते. दुसऱ्या आंकड्यांत मात्र कायम पगारी नोकरी लागलेलेच. कामाची गणती करतांना जाळें रुंद आणि पगाराची गणती करतांना अरुंद! कच्च्या मुलांना परीक्षेस बसूं न देतां निकाल चढविण्याची युक्ति शाळांना जुनीच आहे. तिचें हें धाकटें भावंड. २०१७ च्या ऑक्टोबरांत शाळेनें ३,७५,००० डॉलर देऊन तडजोड केली.

त्याच सालच्या जुलैंत ‘डेव्ह बूटकॅम्प’नें दारें बंद करण्याचें जाहीर केलें. तोंपर्यंत त्याची मालकी कॅप्लन या शिक्षणव्यवसायी कंपनीकडे गेली होती. ‘आयर्न यार्ड’ या दुसऱ्या मोठ्या शाळेनेंहि त्याच महिन्यांत तेंच जाहीर केलें. वर्ग भरत होते, पण जागेचें भाडें, शिक्षकांचे पगार आणि चांगली शिकवण यांचा मेळ बसेना.

आणि तरीहि २०१७ सालींच ‘लॅम्ब्डा स्कूल’ निघाली. तिचें वचन मोठें गोड होतें : आधीं एक पैसाहि नको. ५०,००० डॉलरांहून अधिक पगार लागला तरच दोन वर्षें पगाराचा शेंकडा १७ वा हिस्सा द्यावा; एकूण ३०,००० डॉलरांपलीकडे नाहीं. म्हणजे ६०,००० डॉलर मिळविणाऱ्यानें सालाचे १०,२००, दोन सालांचे २०,४००. गणित स्पष्ट आहे, आणि वरवर पाहतां न्याय्यहि. विद्यार्थ्याचें नशीब उघडलें नाहीं तर शाळेचेंहि उघडत नाहीं, असें तें भासे. पण शाळा हे करारनामे पैसे गुंतविणाऱ्यांना विकीत असे. विद्यार्थी अजून शिकत आहे, नोकरीचा पत्ता नाहीं, आणि शाळेच्या पेटींत मात्र पैसे आलेले! जोखमीचें ओझें शेवटीं ज्याच्या डोक्यावर राहिलें, त्याला जोखीम नाहीं असें सांगून शाळेंत घेतलें होतें.

दरम्यान विद्यापीठांच्या नांवानें असे वर्ग चालविणारी ‘ट्रिलॉजी’ ही संस्था २०१९ सालीं ‘टू-यू’ कंपनीनें ७५ कोटी डॉलरांस विकत घेतली. २०२२ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनीं नोकरकपात सुरू केली; नवशिक्यांच्या जागा प्रथम आटल्या. २०२४ च्या जुलैंत ‘टू-यू’नें दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरांत हे वर्ग बंद करीत असल्याचें जाहीर केलें.

‘लॅम्ब्डा’नें मध्यंतरीं ‘ब्लूम इन्स्टिट्यूट’ असें नांव पालटलें होतें. २०२४ च्या एप्रिलांत ग्राहकांच्या आर्थिक हिताचें रक्षण करणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्यानें तिच्याविरुद्ध हुकूम काढला. शेंकडा ७१ ते ८६ जणांना नोकऱ्या लागतात, अशी तिची जाहिरात होती. खरा आंकडा पन्नासाच्या आसपास, आणि कांहीं तुकड्यांत तीसपर्यंत उतरलेला होता. ज्याला शाळा कर्ज म्हणत नव्हती, तें कर्जच होय आणि त्यावर सरासरी ४,००० डॉलरांचा आकार पडतो, असें खात्यानें ठरविलें. संस्थेस ग्राहकांना कर्ज देण्याची कायमची मनाई झाली, संस्था आणि तिचे प्रमुख ऑस्टिन ऑलरेड यांना मिळून १,६४,००० डॉलर दंड झाला, आणि ज्या पदवीधरांना ठरल्याप्रमाणें नोकरी लागली नव्हती, त्यांच्याकडून चाललेली वसुली थांबविण्यास सांगण्यांत आलें.