माणशी किती हवा?

बंद इमारतीत माणशी दर मिनिटाला बाहेरची किती हवा घ्यावी, याचा अमेरिकेतील आकडा शतकभरात अनेकदा बदलला. कारण दर वेळी आरोग्याचेच होते असे नाही. १८९५ मध्ये तेथील तापन व वायुवीजन अभियंत्यांच्या संस्थेने किमान ३० घनफूट हवा ठरवली. रोगप्रसाराला धास्तावलेले लष्करी वैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांचा तोच आग्रह होता.

पुढे १९७३ चे तेलसंकट आले. बाहेरची हवा आत घेऊन तापवायची वा थंड करायची, तर इंधन जळते. म्हणून फटी बुजल्या, खिडक्या कायमच्या मिटल्या. १९८१ च्या ‘ॲशरे’ मानकाने धूम्रपान नसलेल्या कार्यालयांना अवघी ५ घनफूट हवा पुरेशी मानली. (धूम्रपान होत असेल तर २०! त्या काळी कचेरीत सिगारेट ओढणे नित्याचेच होते.) आत मात्र पार्टिकल बोर्ड आणि प्लायवूडमधून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत होता. कर्मचाऱ्यांचे डोळे चुरचुरत, डोके दुखे. इमारतीबाहेर पडताच बरे वाटे. त्या दशकात अशा वास्तूंना ‘आजारी इमारत’ हे नावच पडले.

१९८९ मध्ये मानक पुन्हा बदलले: किमान १५, कार्यालयांसाठी २० घनफूट. जुन्या आकड्याच्या मापाने बसवलेल्या यंत्रणा त्यामुळे आपोआप बदलणार नव्हत्या.