पाच भागीदारांची पेढी आणि फाटकापाशी बसलेली नायिका

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापड बाजारात ज्याची हयात गेली, त्याला कुठल्याही धंद्याची गोष्ट सांगा. तो आधी विचारतो, भागीदार किती होते आणि पैसा कुणाचा होता? 'प्रभात फिल्म कंपनी'ची गोष्ट मीही त्याच खोडीने वाचली. पुस्तकांतून ती कलेची गाथा म्हणून येते, आणि तशी ती आहेच. पण वही उघडून बसलं की ती एका पेढीची गोष्ट होते. त्या वहीत मालकांच्या रकान्यात पाच पुरुष आहेत. बोधचिन्हावर मात्र तुतारी फुंकणारी बाई.

पेढी निघाली कोल्हापुरात, 1 जून 1929 रोजी. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत हात बसलेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी, पेशाने सराफ. भांडवल 15,000 रुपयांचं. चौघांचं कसब आणि एकाची तिजोरी, अशी जोड आमच्या बाजारात गल्लोगल्ली दिसते. ती कशी मोडते, तेही आम्ही पाहिलेलं असतं.

सुरुवातीचे मूकपट झाले, आणि 1932 साली आला 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट. तारामती झाल्या दुर्गा खोटे. मुंबईच्या लाड घराण्यातली, इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकलेली, लग्न होऊन खोट्यांकडे गेलेली बाई पडद्यावर आली, हीच तेव्हा केवढी बातमी होती! सिनेमात काम करणं म्हणजे अब्रू घालवणं, असं मानणाऱ्या घरांना या एका नावाने गप्प केलं. त्याच वर्षीच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या स्त्रीराज्याची राणी होत्या आणि पायाशी चित्ता बसे. पण धंद्याच्या अंगाने त्यांची खरी हुशारी वेगळीच. प्रभातशी जन्माची गाठ न बांधता त्या कलकत्त्याला गेल्या, तिथे 'राजरानी मीरा' आणि 'सीता' केले, आणि 1936 मध्ये 'अमर ज्योती'साठी परत आल्या. एका दुकानाला बांधून न घेणारा कारागीर जास्त टिकतो; दुर्गाबाई पुढची पन्नासेक वर्षं टिकल्या. त्यांनी स्वतःची निर्मितीसंस्थाही काढली. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांची गोष्ट त्यांनी स्वतःच 'मी, दुर्गा खोटे'मध्ये सांगून ठेवली आहे, म्हणून इथे एवढंच पुरे.

मला थांबायचं आहे ते शांता आपटे यांच्यापाशी.

1933 मध्ये पेढीने कोल्हापूर सोडून पुण्यात बस्तान हलवलं. पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन' आला. शांताबाईंचा जन्म 1916 चा, अक्कलकोटजवळच्या दुधनीचा. पहिला चित्रपट 'श्यामसुंदर', 1932 चा; पण नाव झालं ते 'अमृतमंथन'नेच. तोवर आपली नटमंडळी गाणं आलं की नाटकातल्यासारखी समोर बघत खांबासारखी उभी राहत. ही मुलगी गाताना डोळे, मान, हात सगळं वापरी. संगीत केशवराव भोळ्यांचं. भोळे मूळचे अमरावतीचे, तेव्हा प्रभातच्या सुरांत थोडं वऱ्हाड आहे, हे आम्हा वैदर्भीयांनी उगाच विसरू नये.

मग 1937 मध्ये 'कुंकू'. हिंदीत 'दुनिया ना माने'. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, 'न पटणारी गोष्ट'. पैशाला लाचावलेला मामा नीराला म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. चक्क सौदा आहे तो. माल न दाखवता, न विचारता झालेला. नीरा रडत बसत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहते आणि हा सौदा मला मान्य नाही, असं रोज वागून दाखवते. केशवराव दात्यांनी तो काकासाहेब असा रंगवला आहे की शेवटी त्याचीही कीव येते. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, यंत्रांचे आवाज तेवढे. भिंतीवरचं जुनं घड्याळ त्या म्हाताऱ्याच्या वयासारखं चालतं. आणि मध्येच शांताबाई लाँगफेलोची इंग्रजी कविता गाऊन टाकतात! आज ऐकताना उच्चारांवर हसू येतं, पण 1937 सालची मराठी मुलगी सासरच्या माजघरात इंग्रजी कवितेतून आपलं म्हणणं मांडते, हे त्या हसण्यापेक्षा मोठं आहे. माझ्या मते प्रभातचा सर्वांत धीट चित्रपट हाच. 'संत तुकाराम' थोर आहे, व्हेनिसला गौरवला गेला, पण धीट 'कुंकू'च.

दोनच वर्षांनी, 1939 मध्ये, हीच नायिका कंपनीच्या फाटकापाशी उपोषणाला बसली. वाद कराराचा होता. करार एका कंपनीशी, म्हणजे काम दिलं तर करायचं, न दिलं तर थांबायचं, दुसरीकडे जायचं नाही. घराघरांत चेहरा माहीत असलेली नटी स्टुडिओच्या दारात अन्न सोडून बसते, हे देशाने प्रथमच पाहिलं. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. काहींनी टिंगल केली, काहींनी बाजू घेतली. मालकांची बाजू मला कळत नाही असं नाही. आम्हीही गुमास्ता शिकवून तयार करायचा आणि समोरच्या दुकानाने तो उचलायचा, हे भोगलं आहे. तरीही सांगतो, ज्या पेढीने मान्य नसलेला सौदा नाकारणारी नीरा उभी केली, तिला फाटकातली नीरा ओळखता आली नाही. शांताबाई प्रभात सोडून गेल्या.

त्याच सुमाराला फ्रान्सची नटी दानिएल दार्यू, शांताबाईंहून एखाद्या वर्षाने लहान, हॉलीवूडच्या युनिव्हर्सल कंपनीशी लांब मुदतीचा करार करून गेली आणि 1938 मधल्या एकाच चित्रपटानंतर मायदेशी परतली. ती शंभर वर्षं जगली, 2017 मध्ये गेली, आणि सत्तराहून अधिक वर्षं पडद्यावर राहिली. करार मोडून आलेल्या नटीला तिच्या देशाच्या सिनेमाने भूमिका देणं थांबवलं नाही. शांताबाईंच्या वाट्याला तसं आलं नाही. प्रभातनंतरही कामं झाली. तमिळ शिकून त्यांनी 1941 चा 'सावित्री' केला, त्यात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद होत्या. लाहोरचा 'जमीनदार' झाला. पण 'कुंकू' पुन्हा मिळाला नाही. 1940 मध्ये त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. नाव वाचून सिनेमावेड्या मुलींसाठीचा सल्ला वाटतो. आत आहे ते या धंद्यात राबणाऱ्या माणसांचं आणि पिळवणुकीचं परखड वर्णन. ते जितक्या आवडीने चघळलं जायला हवं होतं, तितक्या आवडीने त्यांच्या भांडणांचे किस्से चघळले गेले.

पेढी पुढे कशी गेली, ते थोडक्यात. नायिका नलिनी तर्खड यांच्याशी लग्न झालं आणि धायबर बाहेर पडले. 'शेजारी'ची नायिका जयश्री यांच्याशी 1941 मध्ये लग्न करून शांताराम 1942 मध्ये निघाले आणि त्यांनी मुंबईत राजकमल उभारलं. दोन्ही वेळा दोष नायिकांच्या माथी मारणारे आजही भेटतात. मला विचाराल तर, कसबी माणसाला वाटा अपुरा वाटू लागला की निमित्त कुठलंही चालतं. 1945 मध्ये दामले गेले. 1946 च्या 'हम एक हैं'मधून देव आनंद पडद्यावर आला, पण तोवर दिव्यातलं तेल सरत आलं होतं. 1953 मध्ये पेढीला कुलूप लागलं.

जागा मात्र सिनेमाचीच राहिली. 1960 मध्ये तिथे सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. जिथे नायिका करारासाठी उपाशी बसली होती, त्याच आवारात पुढे मुली अभिनयाचं रीतसर शिक्षण घेऊ लागल्या. आमच्या शेजारच्या जबलपूरची जया भादुरी त्यांतलीच. जुने चित्रपट जपून ठेवणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही पुण्यातच उभं राहिलं, फेब्रुवारी 1964 मध्ये.

त्याच महिन्याच्या 24 तारखेला शांता आपटे मुंबईत वारल्या. वय 47 होतं.