प्री-मेड विद्यार्थ्याला सायन्समध्ये 'सी' ग्रेड मिळाली, तर डॉक्टर होण्याचं स्वप्न संपतं का?

डिसेंबरच्या मध्यावर अमेरिकेतल्या कॉलेजांचं फॉल सेमिस्टर संपतं आणि काही दिवसांत ग्रेड्स पोर्टलवर दिसू लागतात. डॉक्टर व्हायचं ठरवून कॉलेजात गेलेल्या दुसऱ्या वर्षाच्या अनेक विद्यार्थ्यांची नजर तेव्हा आधी एकाच ओळीवर जाते. ती ओळ असते ऑरगॅनिक केमिस्ट्रीची. तिथे 'सी' दिसली की मनात पहिला विचार येतो, 'संपलं सगळं.'

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत या धक्क्यासोबत एक गोंधळही असतो. आई-बाबा भारतातल्या पद्धतीत वाढलेले असतात. आपल्याकडे मेडिकलचा प्रवेश मुख्यतः एका परीक्षेवर ठरतो. नीटमध्ये कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते आणि नवा स्कोअर आला की जुना मागे पडतो. अमेरिकेत मात्र कॉलेजातली प्रत्येक ग्रेड अर्जासोबत जाते. ती पुसता येत नाही. पण त्या एका ग्रेडवर प्रवेशाचा निर्णयही होत नाही.

मग अशा वेळी नेमकं काय करायचं? समजून घेऊ.

प्री-मेड म्हणजे काय?

अमेरिकेत बारावीनंतर थेट एमबीबीएससारखा कोर्स नसतो. आधी साधारण चार वर्षांची बॅचलर्स पदवी आणि मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, असा हा मार्ग आहे. मेडिकल स्कूलमधून एमडी किंवा डीओ पदवी मिळते. दोन्ही पदव्यांचे डॉक्टर तिथे पूर्ण प्रॅक्टिस करू शकतात.

'प्री-मेड' ही बहुतेक ठिकाणी वेगळी पदवी नसते. विद्यार्थी इतिहासात पदवी घेत असला तरी प्री-मेड असू शकतो. त्याला फक्त मेडिकल स्कूलने सांगितलेले विषय पूर्ण करावे लागतात. त्यात साधारणपणे बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स आणि बायोकेमिस्ट्री असते. अनेक ठिकाणी गणित किंवा स्टॅटिस्टिक्सही लागतं.

यातली ऑरगॅनिक केमिस्ट्री सर्वांत जास्त विद्यार्थ्यांना अडवते, अशी तिची ख्याती आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत याच विषयावरून वाद झाला होता. कोर्स अवाजवी कठीण असल्याची तक्रार करणाऱ्या अर्जावर ३५० पैकी ८२ विद्यार्थ्यांनी सह्या केल्या. त्यानंतर प्राध्यापक मेटलँड जोन्स यांचा करार संपवण्यात आला आणि त्यावर देशभर चर्चा झाली.

ही ग्रेड अर्जात कुठे दिसते?

बहुतेक एमडी मेडिकल स्कूलसाठी 'ॲमकॅस' या सामायिक यंत्रणेतून अर्ज करावा लागतो. डीओ स्कूलसाठी 'ॲकोमास' आहे, तर टेक्सासमधल्या सरकारी मेडिकल स्कूलसाठी स्वतंत्र यंत्रणा आहे.

अर्जात कॉलेजातल्या सगळ्या विषयांच्या ग्रेड्स भराव्या लागतात. त्यावरून एकूण जीपीए निघतो. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित या विषयांचा वेगळा 'सायन्स जीपीए' निघतो. 'ए' म्हणजे ४, 'बी' म्हणजे ३, 'सी' म्हणजे २, 'डी' म्हणजे १ आणि 'एफ' म्हणजे शून्य.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अनेक कॉलेजं विषय पुन्हा घेतल्यावर आपल्या हिशेबातून जुनी ग्रेड काढून टाकतात. ॲमकॅस तसं करत नाही, तिथे दोन्ही प्रयत्न मोजले जातात. डीओ स्कूलच्या अर्जात आधी जुनी ग्रेड बदलली जायची, पण २०१७ पासून तिथेही दोन्ही मोजतात. त्यामुळे कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा जीपीए आणि अर्जातला जीपीए वेगळा असू शकतो.

एका 'सी'ने किती फरक पडतो?

समजा, पदवीला एकूण १२० क्रेडिट आहेत. त्यातल्या ४ क्रेडिटच्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीत 'सी' मिळाली आणि बाकी ११६ क्रेडिटची सरासरी ३.७ आहे.

- एकूण जीपीए: ३.६४. त्या विषयात 'ए' असती तर ३.७१.
- सायन्सचे एकूण ४८ क्रेडिट आणि बाकी ४४ ची सरासरी ३.७ धरली, तर सायन्स जीपीए ३.५६. 'ए' असती तर सुमारे ३.७३.

म्हणजे फरक पडतो आणि सायन्स जीपीएमध्ये तो जास्त दिसतो. स्पर्धाही मोठी आहे. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ च्या प्रवेशासाठी सुमारे ५२ हजार जणांनी एमडी स्कूलना अर्ज केले आणि सुमारे २३ हजार जणांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या आसपास होता. पण ही सरासरी आहे, किमान अट नाही. त्याहून कमी जीपीए असलेल्या अनेकांनाही प्रवेश मिळालेला असतो.

विषय पुन्हा घ्यावा का?

'सी' मिळाल्यावर बहुतेकांना हाच उपाय सुचतो. पण आधी गणित पाहा. वरच्याच उदाहरणात ऑरगॅनिक केमिस्ट्री पुन्हा घेऊन 'ए' मिळवली, तर सायन्स जीपीए ३.५६ वरून ३.५९ होतो. त्याऐवजी ४ क्रेडिटची बायोकेमिस्ट्री घेऊन तिच्यात 'ए' मिळवली, तरी तो ३.५९ च होतो.

जीपीएला दोन्हींचा फायदा सारखाच आहे. पण पुढचा, अधिक अवघड विषय चांगल्या ग्रेडने पूर्ण केला, तर पाया पक्का झाल्याचा पुरावाही मिळतो. म्हणून ढोबळ नियम असा:

- 'डी' किंवा 'एफ' असेल तर विषय पुन्हा घ्यावाच लागतो. बहुतेक मेडिकल स्कूल 'सी'पेक्षा कमी ग्रेड आवश्यक विषयासाठी धरत नाहीत. 'सी मायनस'ही अनेक ठिकाणी चालत नाही.
- 'सी' असेल आणि विषय बऱ्यापैकी समजला असेल तर पुढे जाऊन वरच्या विषयात चांगली ग्रेड मिळवणं सहसा फायद्याचं ठरतं.
- 'सी' असेल पण विषय डोक्यावरूनच गेला असेल तर पुन्हा घेण्याचा विचार करावा. कच्च्या पायावर पुढचं सेमिस्टर घेतलं, तर दुसरी 'सी' येण्याचा धोका असतो. आणि दुसरी 'सी' पहिलीपेक्षा जास्त नुकसान करते, कारण मग तो अपवाद राहत नाही.

सेमिस्टर अजून सुरू असेल आणि गाडी रुळावरून घसरलेली दिसत असेल, तर ठरलेल्या मुदतीत विषय सोडण्याचा पर्याय असतो. तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' येतो. तो ॲमकॅसच्या जीपीएमध्ये मोजला जात नाही. एखादा 'डब्ल्यू' असेल तर सहसा बिघडत नाही, पण बरेच झाले की प्रश्न विचारले जातात.

आधी कारण शोधा

पुढचं सेमिस्टर सुरू होण्याआधी सर्वांत उपयोगी काम म्हणजे जुने मिडटर्म पेपर काढून बसणं. चुकलेल्या प्रत्येक उत्तरापुढे तीनपैकी एक कारण लिहायचं: संकल्पनाच कळली नव्हती, कळली होती पण वेळेत सोडवता आलं नाही, किंवा घाईत चूक झाली. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं.

संकल्पनाच कळली नसेल, तर बहुतेक वेळा दोष अभ्यासाच्या पद्धतीत असतो. शाळेत घोकंपट्टीवर 'ए' मिळवणारी मुलं इथे अडकतात. शेकडो अभिक्रिया पाठ करता येत नाहीत. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे बाण काढून, कोऱ्या कागदावर पुन्हा पुन्हा मांडावं लागतं.

यामागे संशोधनही आहे. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. नोट्सवर हायलायटर फिरवत बसण्यापेक्षा पुस्तक बंद करून प्रश्न सोडवणं का बरं, ते यातून कळतं.

कारण अभ्यासाबाहेरचंही असू शकतं. आठवड्याला वीस तासांची नोकरी, आजारपण, घरातली अडचण, किंवा एकाच सेमिस्टरमध्ये लॅब असलेले तीन विषय. तसं असेल तर 'आणखी मेहनत करीन' एवढा निश्चय पुरत नाही, वेळापत्रकच बदलावं लागतं.

प्राध्यापकांच्या 'ऑफिस अवर्स'ना जायला अनेक जण लाजतात. पण पहिल्या मिडटर्मची वाट न बघता दुसऱ्याच आठवड्यात गेलं, तर पुढचं बरंच टळतं. कॉलेजात प्री-हेल्थ सल्लागारही असतो. ग्रेड लागल्यावर त्याची वेळ घेणं हे पहिल्या आठवड्यातलं काम आहे.

प्रवेश समिती काय बघते?

समितीसमोर तीन-चार वर्षांचा आलेख असतो. दुसऱ्या वर्षी 'सी' आणि त्यानंतर सलग सायन्समध्ये 'ए', याचा अर्थ विद्यार्थी सावरला. तोच जीपीए चढत्या क्रमाने आलाय की उतरत्या, याने फरक पडतो.

दुसरा आधार म्हणजे एमकॅट. ही परीक्षा ४७२ ते ५२८ गुणांमध्ये मोजली जाते आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१२ च्या आसपास असते. तिच्यात ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोकेमिस्ट्रीचे प्रश्न असतात. त्यामुळे 'सी' मिळालेल्या विद्यार्थ्याने तिथे चांगले गुण मिळवले, तर विषय आता येतो हे दिसतं. मात्र वर्षाला तीन, दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सातच वेळा ही परीक्षा देता येते. तयारी नसताना 'देऊन बघू' म्हणणं महागात पडतं.

काही मेडिकल स्कूल पुढच्या टप्प्यावर शैक्षणिक अडचणींबद्दल थेट विचारतात. तिथे दोन-चार वाक्यं पुरतात: काय झालं, काय बदललं, त्यानंतर निकाल काय आला. प्राध्यापकांना किंवा कोर्सला दोष देणारं उत्तर विद्यार्थ्याच्याच विरोधात जातं.

एकापेक्षा जास्त ग्रेड घसरल्या असतील तर?

तेव्हा घाईने अर्ज करण्यापेक्षा थांबणं बरं. अमेरिकेत मेडिकल स्कूलला जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पदवीनंतर किमान एक वर्ष थांबूनच जातात. त्यामुळे 'वर्ष वाया गेलं' ही आपल्याकडची भाषा तिथे लागू होत नाही.

या काळात 'पोस्ट-बॅक' म्हणजे पदवीनंतर सायन्सचे विषय घेता येतात. ते ॲमकॅसच्या पदवीपूर्व जीपीएमध्ये धरले जातात. दुसरा पर्याय मेडिकल स्कूलच्या धर्तीवरचे विषय असलेल्या एक-दोन वर्षांच्या मास्टर्स कोर्सचा आहे. त्याच्या ग्रेड्स मात्र वेगळ्या मोजल्या जातात, जुना जीपीए त्याने वाढत नाही. शिवाय खर्चही मोठा असतो. म्हणून सल्लागाराशी बोलल्याशिवाय त्यात पडू नये.

बारावीनंतरच बीएस-एमडी या जोड कोर्सला प्रवेश मिळालेल्यांनी आपल्या अटी लगेच तपासाव्यात. तिथे ठरावीक जीपीए राखला नाही, तर राखीव जागा जाऊ शकते. एच-४ किंवा एफ-१ व्हिसावर असणाऱ्यांसाठी आणखी एक अडथळा असतो. अनेक मेडिकल स्कूल नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच प्रवेश देतात, त्यामुळे यादी आधीपासून बघून ठेवावी लागते.

घरी कसं सांगायचं?

अमेरिकेत कॉलेजातल्या ग्रेड्स पालकांना आपोआप कळवल्या जात नाहीत. १९७४ च्या 'फर्पा' कायद्यानुसार कॉलेजात गेल्यावर आपल्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे येतो. त्यामुळे ग्रेड लपवता येते आणि अनेक जण लपवतात. भारतातून आजी-आजोबांचा फोन आला की 'आमची डॉक्टरीण काय म्हणते?' या प्रश्नाला हसून उत्तर द्यायचं आणि आतून खचत जायचं, असं महिनोन्‌महिने चालतं.

सांगताना निकालासोबत पुढचा बेत सांगितला, तर बोलणं सोपं जातं. 'सी आली, कारण हे होतं, आता हे करणार आहे.' पालकांनीही 'पुन्हा परीक्षा दे' किंवा 'अमक्याच्या मुलीला कशी ए मिळाली?' यापेक्षा 'कुठे अडतंय?' एवढंच विचारलं, तरी मूल मोकळं होतं.

झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो ग्रेडचा प्रश्न राहत नाही. बहुतेक कॉलेजांत समुपदेशन केंद्र असतं. शिवाय अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कधीही फोन किंवा मेसेज करता येतो.

कमी ग्रेड म्हणजे वाईट डॉक्टर?

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय मेडिकल स्कूलने १९८० च्या दशकात एक वेगळा प्रयोग सुरू केला. साहित्य, इतिहास, समाजशास्त्र शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांना ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा नेहमीचा कोर्स आणि एमकॅट यांच्याशिवाय प्रवेश दिला. २०१० मध्ये त्यांच्या कामगिरीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लायसन्सच्या पहिल्या परीक्षेत त्यांचे गुण इतरांपेक्षा थोडे कमी होते. पण प्रत्यक्ष रुग्णांसोबतच्या प्रशिक्षणात ते सहाध्यायींच्या बरोबरीने होते.

याचा अर्थ ऑरगॅनिक केमिस्ट्री सोडून द्यावी असा नाही. बऱ्याच मेडिकल स्कूलमध्ये ती अट अजून आहेच. पण त्या ओळीतली एक 'सी' कुणी चांगला डॉक्टर होईल की नाही, हे ठरवत नाही. अर्जाच्या दृष्टीने तिच्यानंतरच्या ओळीत काय येतं, ते जास्त महत्त्वाचं असतं. आणि त्या ओळी अजून लिहायच्या बाकी असतात.