बुदोकानमधील बेचाळीस मिनिटे : जपानी कुस्तीतील चार लोकपालांची झुंज

टोकियो येथील निप्पॉन बुदोकान सभागृहात ९ जून १९९५ रोजी झालेली जोडीची कुस्ती जपानमधील व्यावसायिक कुस्तीच्या इतिहासात मानदंड समजली जाते. एका बाजूस मित्सुहारू मिसावा आणि केन्ता कोबाशी, तर दुसऱ्या बाजूस तोशिआकी कावादा आणि अकिरा ताउए असे चार मल्ल या लढतीत आमनेसामने आले होते. ऑल जपान प्रो रेसलिंग या संस्थेचे जागतिक जोडी विजेतेपद पणास लागले होते आणि ते मिसावा-कोबाशी यांच्याकडे होते. ४२ मिनिटे ३७ सेकंदांनंतर कावादा यांनी मिसावा यांचे खांदे जमिनीस टेकवले, पंचांनी तीनपर्यंत आकडे मोजले आणि विजेतेपद हस्तांतरित झाले. कावादा यांनी मिसावा यांना चीत करण्याची ही पहिलीच वेळ होती.

व्यावसायिक कुस्तीचे निकाल आधी ठरलेले असतात, हे आज सर्वश्रुत आहे. असे असूनही या लढतीचे महत्त्व तीन दशकांनंतरही कमी झालेले नाही. त्यामागे दोन कारणे आहेत. ही लढत दोन शाळकरी मित्रांमधील दीर्घकालीन स्पर्धेचा कळस होती. तसेच, निकाल ठरलेला असला तरी शरीरावर होणारा आघात खराच असतो, याचा प्रत्यय या लढतीने दिला आणि पुढील काळात या चौघांनाही त्याची किंमत मोजावी लागली.

जोडीच्या कुस्तीचे स्वरूप

जोडीच्या कुस्तीत प्रत्येक बाजूचा एकच मल्ल एका वेळी आखाड्यात उतरतो. त्याचा साथीदार दोरखंडाबाहेर, रिंगच्या काठावर उभा असतो. साथीदाराच्या हातास स्पर्श केल्यावरच दोघांना जागा बदलता येते. प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे तीन आकडे मोजेपर्यंत जमिनीस टेकवल्यास विजय मिळतो.

या साध्या नियमांतच या प्रकाराचे नाट्य दडलेले आहे. एक मल्ल एकटा पडला आणि प्रतिस्पर्धी जोडीने त्याला साथीदारापर्यंत पोहोचू दिले नाही, की प्रेक्षकांची उत्कंठा वाढू लागते. साथीदार जखमी असेल, तर ही उत्कंठा शिगेला पोहोचते. येथे बळाइतकीच निष्ठेचीही परीक्षा असते.

जपानमध्ये व्यावसायिक कुस्तीची लोकप्रियता जोडीच्या कुस्तीपासूनच सुरू झाली, हेही उल्लेखनीय आहे. १९ फेब्रुवारी १९५४ रोजी माजी सुमो मल्ल रिकिदोझान आणि ज्युदोपटू मासाहिको किमुरा यांनी शार्प बंधूंशी दिलेली लढत नुकत्याच सुरू झालेल्या दूरचित्रवाणीवरून प्रसारित झाली. रस्त्यांवर बसविलेल्या संचांसमोर तेव्हा अफाट गर्दी लोटली होती. मुंबईत दारासिंग यांच्याशी झालेल्या लढतींमुळे भारतीय प्रेक्षकांच्या परिचयाचा झालेला किंग काँग हा मल्लही १९५५ मध्ये आशियाई विजेतेपदासाठी रिकिदोझान यांच्याशी लढला होता. त्या पिढीने ज्या खेळास 'फ्री स्टाईल कुस्ती' या नावाने ओळखले, त्याचीच ही जपानी शाखा होय.

एकाच शाळेतील दोन मल्ल

रिकिदोझान यांचे शिष्य शोहेई बाबा ऊर्फ जायंट बाबा यांनी १९७२ मध्ये ऑल जपान प्रो रेसलिंगची स्थापना केली. बाबा हे पूर्वाश्रमीचे बेसबॉलपटू होते. संस्थेतील लढतींची आखणी त्यांच्याच हाती असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी लढतींचे निकाल स्पष्ट लागावेत, असा आग्रह धरला. मल्ल रिंगबाहेर गेल्याने किंवा बाद ठरल्याने लढत अर्धवट संपण्याचे प्रकार त्यामुळे कमी झाले. प्रेक्षकांस पूर्ण लढत आणि निर्विवाद विजेता मिळू लागला.

मिसावा आणि कावादा हे तोचिगी प्रांतातील आशिकागा येथील एकाच शाळेच्या कुस्ती पथकातील विद्यार्थी होते. मिसावा एक वर्षाने ज्येष्ठ होते. जपानी शालेय जीवनात ज्येष्ठ आणि कनिष्ठ हे नाते अत्यंत महत्त्वाचे मानले जाते आणि ते पुढील आयुष्यातही सुटत नाही. मिसावा यांनी १९८१ मध्ये, तर कावादा यांनी १९८२ मध्ये ऑल जपानमधून व्यावसायिक पदार्पण केले. ज्येष्ठ पुढे आणि कनिष्ठ एक पाऊल मागे, हा क्रम येथेही कायम राहिला.

१९९० मध्ये संस्थेचे आघाडीचे मल्ल गेनिचिरो तेनर्यू अन्य संस्थेत गेले आणि मोठी पोकळी निर्माण झाली. मिसावा त्या वेळी 'टायगर मास्क' या नावाने वाघाचा मुखवटा घालून लढत असत. १४ मे १९९० रोजी एका जोडीच्या लढतीत त्यांनी भर रिंगमध्ये तो मुखवटा उतरविला. मुखवट्याच्या गाठी सोडण्यास त्यांनी ज्या साथीदारास सांगितले, ते कावादा होते. त्यानंतर महिनाभराच्या आतच, ८ जून रोजी बुदोकान येथे मिसावा यांनी संस्थेचे सर्वश्रेष्ठ मल्ल जम्बो त्सुरुता यांच्यावर मात केली आणि नव्या पिढीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले.

मैत्रीतून वैराकडे

पुढील तीन वर्षे मिसावा, कावादा आणि कोबाशी हे एकाच गटात होते. त्सुरुता यांच्या गटात ताउए होते. सुमोमध्ये ज्युर्यो श्रेणीपर्यंत पोहोचून कुस्तीकडे वळलेले ताउए आणि कावादा यांच्यात तेव्हा कडवे वैर होते. १९९२ च्या उत्तरार्धात यकृताच्या आजारामुळे त्सुरुता यांना आघाडीवरून दूर व्हावे लागले आणि साऱ्या संस्थेची मांडणी बदलली. १९९३ मध्ये कावादा यांनी मिसावा यांची साथ सोडून कालपर्यंतचे वैरी ताउए यांच्याशी जोडी जमविली. मिसावा यांच्या बाजूस कोबाशी हे मुख्य साथीदार झाले.

या चौघांना जपानी भाषेत 'शितेन्नो' म्हटले जाऊ लागले. बौद्ध परंपरेतील चार दिशांचे रक्षण करणाऱ्या चतुर्महाराजांचे, म्हणजेच चार लोकपालांचे हे जपानी नाव आहे. भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचलेली ही कल्पना तेथे कोणत्याही क्षेत्रातील चार अग्रणी व्यक्तींसाठी वापरली जाते.

३ डिसेंबर १९९३ रोजी जोड्यांच्या वार्षिक साखळी स्पर्धेच्या अंतिम लढतीत मिसावा-कोबाशी यांनी कावादा-ताउए यांचा पराभव केला. ३ जून १९९४ रोजी एकेरीतही मिसावा यांनीच कावादा यांना हरविले. जानेवारी १९९५ मध्ये दोन्ही जोड्यांमधील लढत तब्बल ६० मिनिटे चालून बरोबरीत सुटली. कावादा प्रत्येक वेळी जवळ येत आणि थांबत. निकाल बाबा ठरवीत असले, तरी मिसावा यांच्या खालोखालचे स्थान हेच कावादा यांचे वास्तव झाले होते. प्रेक्षकांसही त्याची पूर्ण जाणीव होती.

९ जूनची लढत

१९९५ च्या वसंत ऋतूतील एकेरी साखळी स्पर्धेत मिसावा यांच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले होते. ती दुखापत घेऊनही त्यांनी अंतिम फेरीत ताउए यांना हरवून स्पर्धा जिंकली. कोबाशी यांच्या पायासही दुखापत झाली होती. बुदोकानमध्ये ते पायास जाड पट्ट्या बांधूनच उतरले. लढत सुरू होण्यापूर्वीच विजेत्या जोडीतील दोन्ही मल्लांची मर्मस्थाने सर्वांना ठाऊक होती.

कावादा आणि ताउए यांनी त्याचाच लाभ घेतला. त्यांनी कोबाशी यांच्या पायावर सातत्याने हल्ले करून त्यांना जवळपास निकामी केले. साथीदार उभा राहू शकत नसल्याने मिसावा यांना दोघांचा भार एकट्याने पेलावा लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर, मोडलेल्या हाडाच्याच बाजूस, प्रहार होऊ लागले. आपल्या कोपराच्या तडाख्यासाठी प्रसिद्ध असलेले मिसावा वारंवार प्रतिकार करीत होते. परंतु एकास खाली पाडले, की दुसरा समोर येत होता.

अखेरच्या टप्प्यातील एक दृश्य आजही सांगितले जाते. मिसावा निपचित पडले असताना, स्वतः उभे राहू न शकणारे कोबाशी सरपटत आले आणि त्यांनी मिसावा यांच्यावर आपले शरीर पांघरले. प्रतिस्पर्ध्यांचे प्रहार त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. या कृतीने पराभव टळणार नव्हता, केवळ लांबणार होता. शेवटी मिसावा एकटे पडले. कावादा यांनी त्यांना उचलून 'पॉवरबाँब' हा डाव टाकला आणि चीत केले.

निर्णायक विजय मिळवूनही कावादा यांचे यश अपूर्णच राहिले, हे या निकालाचे वैशिष्ट्य. जखमी मिसावा यांना, साथीदाराच्या साह्याने आणि प्रतिस्पर्धी जोडीतील दुसरा मल्ल पंगू झाल्यावर त्यांनी हरविले होते. एकेरी विजेतेपदाच्या लढतीत मिसावा यांच्यावर विजय मिळविण्यासाठी त्यांना आणखी जवळपास तीन वर्षे थांबावे लागले. १ मे १९९८ रोजी टोकियो डोममध्ये ती इच्छा पूर्ण झाली.

या काळात ऑल जपानचा दूरचित्रवाणी कार्यक्रम रात्री उशिरा आणि अर्ध्या तासाचाच असे. बेचाळीस मिनिटांची ही लढत त्या वेळेत मावणारी नव्हती. तरीही चित्रफितींद्वारे ती देशोदेशी पोहोचली. अमेरिकी समीक्षक डेव्ह मेल्टझर यांनी तिला पाच तारांकनांचा सर्वोच्च दर्जा दिला.

मोजलेली किंमत

शितेन्नो शैलीत मान आणि डोके यांवर आपटणारे डाव वाढत गेले. प्रेक्षकांस काल जे पाहून धक्का बसला, त्याचा आज बसत नसे. परिणामी प्रत्येक मोठ्या लढतीत आधीच्यापेक्षा अधिक धोका पत्करला जाई. निकाल ठरलेला असल्याने मल्ल एकमेकांची काळजी घेत असत. तथापि, उंचावरून मानेवर पडणाऱ्या शरीराचे वजन कोणत्याही पूर्वनियोजनाने घटत नाही.

३१ जानेवारी १९९९ रोजी बाबा यांचे निधन झाल्यानंतर मिसावा संस्थेचे अध्यक्ष झाले. व्यवस्थापनातील मतभेदांमुळे २००० मध्ये त्यांनी बहुसंख्य मल्लांसह बाहेर पडून प्रो रेसलिंग नोआ ही संस्था स्थापन केली. कोबाशी आणि ताउए त्यांच्यासोबत गेले. कावादा मात्र जुन्या संस्थेतच राहिले. शाळेपासूनची वाट तेथे पुन्हा दुभंगली. १८ जुलै २००५ रोजी टोकियो डोममध्ये दोघे पुन्हा लढले आणि मिसावा विजयी झाले.

अध्यक्षपदाची जबाबदारी सांभाळत मिसावा लढतच राहिले. मानेच्या जुनाट दुखण्यावर उपचार आणि विश्रांती यांसाठी त्यांना सवड मिळाली नाही. १३ जून २००९ रोजी हिरोशिमा येथे गो शिओझाकी यांच्यासह ते एका जोडी विजेतेपदाच्या लढतीत उतरले होते. प्रतिस्पर्ध्याने मागून उचलून टाकलेला एक नेहमीचा डाव त्यांनी घेतला आणि ते पुन्हा उठले नाहीत. मानेतील मज्जारज्जूस झालेल्या इजेमुळे त्याच रात्री त्यांचे निधन झाले. सत्तेचाळिसाव्या वाढदिवसास पाच दिवस उरले होते. असे शेकडो डाव त्यांनी त्यापूर्वी झेलले होते. त्यामुळे तो एक डाव घातक ठरला, असे म्हणण्यापेक्षा अनेक वर्षांचे आघात साचत गेले, असे मानणे अधिक योग्य ठरेल.

इतर तिघांच्या वाट्यालाही यातना आल्या. कोबाशी यांच्या गुडघ्यांवर वारंवार शस्त्रक्रिया झाल्या. २००६ मध्ये त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्यावर मात करून २ डिसेंबर २००७ रोजी ते बुदोकानमध्येच परतले आणि त्या जोडीच्या लढतीत प्रतिस्पर्धी म्हणून मिसावा उभे होते. ११ मे २०१३ रोजी त्याच सभागृहात त्यांनी निवृत्ती स्वीकारली. मिसावा यांच्या मृत्यूनंतर नोआचे अध्यक्ष झालेले ताउए यांनी ७ डिसेंबर २०१३ रोजी शेवटची लढत दिली. कावादा यांनी कोणताही निरोप समारंभ न करता २०१० मध्ये रिंगपासून दूर होऊन टोकियोत उपाहारगृह उघडले.

लढतीचे स्थान

९ जून १९९५ ची लढत आज दोन प्रकारे पाहिली जाते. जोडीच्या कुस्तीत चार व्यक्तींचा स्वभाव, इतिहास आणि परस्परसंबंध किती परिणामकारकपणे मांडता येतात, याचा ती वस्तुपाठ आहे. नवोदित मल्ल त्या दृष्टीने तिचा अभ्यास करतात. त्याच वेळी, मोडलेल्या हाडाने आणि लंगड्या पायाने रिंगमध्ये उतरणे हे शौर्य मानावे काय, असा प्रश्नही ती उपस्थित करते. हिरोशिमातील घटनेनंतर हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

साथीदारावर पांघरलेले कोबाशी यांचे शरीर हे या लढतीचे सर्वांत स्मरणीय दृश्य होय. निकाल कोणी आणि केव्हा ठरविला होता, याने त्या दृश्याचे मोल उणावत नाही. मात्र ज्या मल्लाचे रक्षण त्या दिवशी झाले, त्याचे रक्षण चौदा वर्षांनंतर कोणीही करू शकले नाही, हेही त्या दृश्यासोबतच लक्षात ठेवावे लागते.