टांगता हीटर आणि त्याची नळी

उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मोटार ठेवतात आणि सुतारकाम किंवा दुरुस्तीही करतात. तेथे छताला टांगलेल्या गॅस हीटरमागून छपराबाहेर गेलेली पत्र्याची नळी आज अपरिहार्य वाटत असली, तरी गॅसच्या उपकरणाला नळी हवीच, हे सुरुवातीला सर्वांना पटलेले नव्हते. १८५५ च्या सुमारास हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन यांच्या प्रयोगशाळेत वायू जळण्याआधीच त्यात हवा मिसळणारा बर्नर घडला आणि काजळी न धरणारी निळी ज्योत मिळाली. धूर दिसेनासा झाल्यावर तो बाहेर नेण्याची निकडही भासेनाशी झाली असावी. लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी १८६८ मध्ये पाणी तापवणारा गिझर काढला, त्याला धुराची नळीच नव्हती. वास्तविक कार्बन मोनॉक्साइड हा रंग-वास नसलेला वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्येच दाखवले होते. (महाराष्ट्रातील शहरांत बंद न्हाणीघरातील गॅस गिझरने माणसे दगावल्याच्या बातम्या आजही येतात.)

नळीचे कार्य ओढीवर, म्हणजे तापलेला हलका वायू वर चढताना निर्माण होणाऱ्या खेचावर, चालते, आणि ही ओढ टिकवायची तर बरीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाऊ द्यावी लागते. जुन्या हीटरांची उधळपट्टी हीच अशा रीतीने त्यांची सुरक्षा होती. नळीला दुहेरी भिंत, आत ॲल्युमिनियम, बाहेर जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद आणि मध्ये हवेची पोकळी, ही रचनाही धूर निवू नये याच हेतूने आली. कारण एक घनमीटर मिथेन जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपाने निघते, आणि ती वाफ थंड नळीत निवली की आम्लधर्मी पाणी साचून पत्रा कुजतो. इंधनाची बचत हे उद्दिष्ट ठरल्यावर मात्र हा जुना समतोल मोडला. अमेरिकेच्या २००५ च्या ऊर्जा कायद्याने ८ ऑगस्ट २००८ पासून बनणाऱ्या टांगत्या हीटरांत सतत तेवणाऱ्या ज्योतीऐवजी गरजेपुरती पेटणारी व्यवस्था, तसेच धूर ढकलणारा पंखा किंवा नळीतील आपोआप मिटणारी झडप, सक्तीची केली. निसर्गावर सोपवलेले काम अशा रीतीने यंत्राकडे आले.

गॅरेजची अडचण याहून वेगळी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते, म्हणून पेट घेण्याचे ठिकाण फरशीपासून किमान १८ इंच उंच असावे, असा तेथील गॅस-संहितेचा दंडक आहे. शिवाय दारे घट्ट मिटलेली असताना रंगाचा वास घालवण्यासाठी लावलेला पंखा खोलीतील हवा इतकी खेचतो, की नळीतील ओढ उलटून धूर आत येऊ शकतो. जळण्यासाठी लागणारी हवाही स्वतंत्र नळीने बाहेरूनच घेणारे बंदिस्त हीटर या दोन्ही धोक्यांना बऱ्याच अंशी आळा घालतात, कारण त्यांची ज्योत गॅरेजमधील हवेच्या संपर्कात येत नाही.