नोकरी, लेखणी आणि शाळा

चिपळूणकर या आडनावात आमचे गाव आहे. विष्णुशास्त्री मात्र पुण्यात जन्मले (२० मे १८५०). त्यांना आपण निबंधकार म्हणून ओळखतो. ते पेशाने शिक्षक होते, हे बहुधा विसरून जातो.

शिक्षकी आणि लेखन हा त्यांच्या घरचाच वारसा. वडील कृष्णशास्त्री (१८२४–१८७८) पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख होते. निरनिराळ्या शास्त्रांची मूलतत्त्वे मराठीतून सांगणारा ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ हा ग्रंथ त्यांचाच. शिक्षणखात्याच्या ‘शालापत्रक’ मासिकाचे संपादन आधी वडिलांनी व पुढे मुलाने केले. १८७५ साली हे मासिक बंद पडले.

१८७२ मध्ये बी. ए. होऊन विष्णुशास्त्री पुण्यात सरकारी शाळेत शिक्षक झाले. जानेवारी १८७४ पासून त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढले. त्याचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील बहुतेक सर्व मजकूर एकट्याचा. भाषा, इतिहास, लेखनशुद्धी, इंग्रज ग्रंथकार जॉन्सन असे नाना विषय त्यात आले. इंग्रजी विद्येचा त्यांना आदर होता. त्या विद्येपुढे स्वभाषेला हीन लेखणे मात्र त्यांना मान्य नव्हते.

येथेच पेच निर्माण झाला. पगार सरकारचा आणि टीका सरकारी धोरणावर, हे किती दिवस चालणार? त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. पुण्यातील छापखान्यापासून दूर राहून मासिक चालवणे किती अवघड, हे सांगायला नको. १८७९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जानेवारी १८८० मध्ये टिळक व नामजोशी यांच्यासह त्यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढच्याच वर्षी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. १७ मार्च १८८२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी विष्णुशास्त्री वारले.

त्यांचा गौरव करताना दुसरी बाजू झाकू नये. जोतीराव फुले व लोकहितवादी यांच्यावर त्यांनी केलेली टीका अनेकदा विचारांऐवजी व्यक्तीवर घसरते. मुलींसाठी १८४८ मध्ये शाळा काढणारे फुले हेही शिक्षकच. शिक्षण कोणापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यांचा प्रश्न विष्णुशास्त्र्यांनी उपहासात उडवला. तो प्रश्न मात्र टिकून राहिला.

म्हणून आम्हांला वाटते, वरच्या वर्गात ‘निबंधमाले’तला एखादा उतारा आणि फुल्यांचा एखादा उतारा शेजारीशेजारी ठेवून वाचावा. भाषेचा जोर कोठे आहे आणि युक्तिवादाचा जोर कोठे आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. जोरदार वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, एवढे त्यांना उमगले तरी तो तास सार्थकी लागला.